गोमाजीची बोटं आणि शेवंतीचं पान

डोंबिवली पश्चिमेला, रेतीबंदराच्या अलीकडे खाडीला चिकटून एक लहानसा कोळीवाडा आहे. तिथल्या गोमाजी भोईराच्या दारावर अठ्ठ्याण्णव साली एक काळी फळी टांगलेली असे. फळीवर रोज सकाळी खडूनं दोन वेळा लिहिलेल्या असत. वर भरतीची, खाली सुकतीची. पुस्तकात हिला ओहोटी म्हणतात. पाणी मागं हटलं की चिखल उघडा पडून सुकायला लागतो, म्हणून खाडीवर ती सुकती. ज्यांचे पाय त्या चिखलात जातात त्यांनी ठेवलेलं नाव आहे, तेव्हा इथं तेच चालेल.

फळीवरचं अक्षर गोमाजीचं, पण वेळा काढलेल्या त्याच्या पोरीनं. कॉम्प्युटरवर. आणि ज्या वेळा फळीवर, त्याच वेळा जगात कुठंही, ज्याच्याकडं टेलिफोनला जोडलेलं यंत्र असेल त्याला शेवंतीच्या वेबपानावर दिसायच्या. आपल्या वाड्याचं पाणी जगात दिसतं हे पुरतं कुणालाच समजलं नव्हतं, पण छाती मात्र सगळ्यांची फुगलेली होती.

शेवंती चौसष्ट सालातली. वाड्यातली मॅट्रिक झालेली पहिली पोर. मॅट्रिकनंतर ती डोंबिवलीत टायपिंगच्या क्लासला गेली. पहिल्याच दिवशी शेजारच्या मशीनवरची मुलगी नाक मुरडून म्हणाली, "इथे कसला गं वास येतोय?"

"जवळ्याचा," शेवंती म्हणाली. "सकाळी भाकरीबरोबर खाल्लेला. उद्या तुला आणू का?"

मुलगी दोन मशीन सोडून लांब जाऊन बसली. शेवंतीला खिडकीजवळची जागा मिळाली आणि ती तिनं परीक्षा होईपर्यंत सोडली नाही. ती मुलगी सरोज. पुढं दोघी औद्योगिक वसाहतीतल्या एकाच रंगाच्या कारखान्यात लागल्या, सरोज हिशेबाला आणि शेवंती टायपिस्ट म्हणून. सरोजला जवळ्याची चटक लागली ती लागलीच. दर शनिवारी डबा उघडताना ती म्हणायची, "आणलायस ना गं?"

कारखान्यात एकोणनव्वद साली कॉम्प्युटर आला. मालकांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी त्याच्यासाठी काचेची खोली बांधली, थंड हवेचं मशीन बसवलं, यंत्राला हार घातला आणि दाराशी पाटी लावली की चपला बाहेर काढाव्यात. पुढं हार वाळला तरी यंत्राला हात लावायला कुणी धजेना. बिघडलं तर? शेवंतीनं चपला काढल्या आणि आत जाऊन बसली. तिचा बाप भर खाडीत होडीचं इंजिन उघडून, भाग फळीवर मांडून, पुसून परत जोडायचा. ते बघत वाढलेल्या पोरीला खोलीत ठेवलेल्या यंत्राची भीती कसली? वर्षभरात अण्णांची पत्रं, बिलं, मालाचा हिशेब सगळं तिच्या बोटांखाली आलं.

सत्त्याण्णवमध्ये परदेशी गिऱ्हाइकांच्या पत्रांसाठी टेलिफोनला मोडेम लागला. काम आटोपल्यावर अर्धा तास बसायला अण्णांची परवानगी होती. मोडेम किंचाळून गप्प झाला की पान वरून खाली, ओळीओळीनं उतरायचं. सरोजला चित्रं बघायची हौस. शेवंतीला भलतीच. ब्राउझरमध्ये एक सोय असते, समोरचं पान कसं लिहिलंय ते उघडून बघायची. शेवंतीला ती सापडली आणि मग तिला दुसरं काही सुचेना.

"काय बघतेस त्यात? नुसत्या खुणा आहेत," सरोज म्हणाली.

"अगं, हे मासा साफ केल्यासारखं आहे. वरनं नुसती चमक दिसते. पोट फाडलं की कळतं काय खाल्लंय आणि काटा कुठनं कुठं जातो."

ती पानं फ्लॉपीवर घेऊन घरी येऊ लागली. ऑफिसात नवी यंत्रं आली तेव्हा जुन्यातलं एक अण्णांनी तिला देऊन टाकलं. घरात ते मासळीच्या उलट्या पेटीवर बसलं. खाडीच्या ओल्या हवेनं लोखंड गंजतं, म्हणून शेवंती यंत्राच्या मागं ऊब द्यायला एक लहान बल्ब सतत पेटता ठेवी. तिची आई दगडाबाई डोंबिवलीच्या बाजारात मासळी विकायची. ती टोपली उतरवताना रोज त्या बल्बाकडं बघायची.

"देवाला येवढा दिवा नाय लावला कदी, न यो डबा बग, राजावानी बसलाय."

शेवंतीचं पहिलं पान बघून सरोजनं डोळ्यांवर हात ठेवले होते. लुकलुकणारी अक्षरं, सरकणारं नाव, मागं पापलेटांची रांग. "माझे डोळे फिरले गं! आणि उतरायला किती वेळ घेतंय!" शेवंतीनं सगळं काढून टाकलं. जे लोक टेलिफोनच्या लाइनवर ताटकळत बसणार त्यांच्यासाठी पान हलकं हवं, हे तिला तेव्हा कळलं, आणि मग तिनं कधी एक जादा रेघही घातली नाही. दुसरी गोष्ट ती शिकली की आपल्या यंत्रावर देखणं दिसलेलं पान दुसऱ्याच्या यंत्रावर विस्कटलेलं असतं. म्हणून काहीही नवं केलं की आधी सरोजच्या टेबलावर उघडून बघायचं.

पण पानावर लिहायचं काय? लोक आपलं नाव, आपला फोटो, आपल्या आवडीची गाणी लिहीत. शेवंतीला ते रुचेना. एका संध्याकाळी गोमाजी ओट्यावर बसून अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत होता. वाड्यात कुणालाही जाळं टाकायचं असो, शिंपल्यांतली कालवं काढायला जायचं असो, नाहीतर पलीकडच्या काठाला लग्नाला जायचं असो, पाण्याची वेळ गोमाजीला विचारायची. तो पेरं मोजून सांगायचा. चाळीस वर्षं त्याचंच चालत आलेलं.

"बा, ता मोजतंस कसा?" शेवंतीनं विचारलं.

"तिथी घे. तिची पाऊनकी कर. चौथ असंल त तीन, आठम असंल त सहा. ती वेल बंदराची, दर्याचे तोंडाची. तिथनं पानी निंगतं न आपले दारी येतं, त खाडीचा उशीर वर घाल."

"उशीर किती?"

गोमाजी हसला. "ता मी घालतंय, सांगला नाय कोनाला. कोनी इचारला पन नाय."

शेवंतीनं चिखलात एक बांबू रोवला, त्यावर वीतभर अंतरानं रंगाचे पट्टे मारले आणि सुट्टीच्या दिवशी ओट्यावर बसून पाणी कुठल्या पट्ट्याला किती वाजता लागतं ते टिपू लागली. पोरीला बांबू राखायला ठेवलंय काय, असं शेजारचा मालू विचारून गेला. मालू स्वतः चांगला मासेमार, पण मासे कमी पडले तर जिभेवर पोट भरेल असा. शेवंतीनं लक्ष दिलं नाही. उन्हाळा संपता संपता तिला गोमाजीचा उशीर सापडला. दीड तास. गोमाजीला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मंग? मी काय वेगला घालीत होतो?"

मग तिनं पानाच्या पोटात हिशेब लिहिला. एक ठाऊक असलेली अमावास्या धरायची, तिच्यापासून आजपर्यंत किती काळ गेला ते काढायचं, चंद्राच्या महिन्यानं भागायचं, उरेल त्यावरून तिथी, तिथीवरून पाऊणकी, वर खाडीचा उशीर. ती भरती, आणि तिच्या सहा तास मागं-पुढं सुकती. पानावर एक बटण, 'आज'. ते दाबलं की आजची भरती आणि सुकती. खाली दिवस, महिना, वर्ष निवडायची सोय, पुढच्या एखाद्या तारखेची वेळ हवी असेल त्याच्यासाठी.

अडचण मराठी अक्षरांची होती. इथं टाईप केलेलं मराठी दुसऱ्याच्या यंत्रावर नुसती किचकट चिन्हं होऊन उमटायचं. शेवंतीनं त्यावर जी तोड काढली तिचं मला फार कौतुक वाटतं. तिनं शून्यापासून नऊपर्यंत दहा मराठी आकडे आपल्या हातानं, ठिपका ठिपका मांडून, इवल्या चित्रांत काढले. कुठलीही वेळ दाखवायची तर तीच दहा चित्रं हवी तशी रांगेत लावायची. एकदा उतरली की ब्राउझर ती जपून ठेवतो, परत परत आणायला नकोत. मग शब्दही तसेच काढले. भरती, सुकती, उधाण, भांग. उधाण म्हणजे पुनवे-अमावास्येचं मोठं पाणी, भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराचं मरगळलेलं. एवढेच शब्द. बाकी काही लागतं कशाला?

"ओहोटी लिही गं," सरोज म्हणाली. "सुकती कुणाला कळणार?"

"ज्याला पाण्यात उतरायचंय त्याला कळते. ज्याला उतरायचं नाही त्यानं नुसतं बघावं."

"आणि तिथी? तिथी नाही दाखवत?"

"तिथी काय दाखवायची? ती कोळ्याच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पानाला उगीच भार."

हे बोलणं लक्षात ठेवा. सगळी गंमत पुढं इथूनच उगवली.

एका परदेशी कंपनीनं फुकट दिलेल्या जागेवर ते पान चढलं, आणि पावसाळ्याच्या तोंडाला गोमाजीनं दारावर फळी टांगली. रोज सकाळी शेवंती 'आज'चं बटण दाबी, वेळ सांगे, गोमाजी लिही. पहिले काही दिवस तो पेरांवर ताडून बघे. वेळ जुळे. मालू मुद्दाम बांबूपाशी जाऊन उभा राही. वेळ जुळे. पानाच्या तळाशी येणाऱ्या-जाणाऱ्यानं दोन ओळी लिहायची सोय होती. तिथं एके दिवशी कुवेतहून कुणीतरी इंग्रजी अक्षरांत लिहिलं: 'मी दिवा गावचा. इथे बोटीच्या इंजिनावर आहे. जेवताना तुमचं पान उघडतो. आत्ता आमच्या घरामागे चिखल असेल हे कळतं. सुकती शब्द सात वर्षांनी वाचला.' शेवंतीनं ते वाचून दाखवलं तेव्हा गोमाजीनं तिला परत वाचायला लावलं, आणि मग तो उठून पाच घरी जाऊन आला.

आणि त्यानं मोजणं सोडलं. कुणी वेळ विचारली की तो हात मागं बांधून म्हणे, "माना काय इचारता? माजे पोरीला इचारा." चाळीस वर्षं जी बोटं वाड्याला पाणी सांगत होती ती आता कौतुकानं मिशीवरून फिरू लागली.

दगडाबाई तेवढी फळीकडं बघत नसे. तिला कालवं काढायला सुकती लागे, पण ती सरळ काठावर जाऊन पाण्यात पाय घाली. "ज्या डब्याचा पाय कदी भिजला नाय, त्याला पानी काय सांगनार?"

त्याच पावसाळ्यात शेवंतीचा चुलत भाऊ धाकू यानं नवी होडी बांधली. चांगली दणकट, सागाची, वाड्यातल्या कुठल्याही होडीपेक्षा हातभर लांब. काठावर ओंडक्यांवर ती उभी राहिली आणि अशी जड झाली की साध्या भरतीला हलणार नाही. तिला उधाणच हवं. नारळी पुनवेनंतरची बीज ठरली, कारण उधाणाचं पाणी पुनवेनंतर दोन दिवस आणखी चढतं. धाकू शेवंतीकडं आला.

"गो शेवंते, बीजेची भरती कवा? पक्की सांग. दिव्याची, कोपरची, पार ठान्याची मानसा बोलवायची हायत. बँड सांगायचाय."

शेवंतीनं तारीख निवडली, बटण दाबलं. चार वाजून दहा मिनिटं. गोमाजी शेजारीच बसला होता. त्यानं मान डोलावली, पेरांना हात लावला नाही.

"चारला पूजा, सव्वाचारला होडी पान्यात," धाकूनं गावभर सांगितलं. "आपले शेवंतीचे कम्पूटरनं वेल काडलीय." नव्या होडीला पाणी दाखवायची वेळ आजपर्यंत कुणा बाईनं सांगितली नव्हती. मालूनं ते बोलूनही दाखवलं. धाकूनं त्याला विचारलं, "तू सांगतंस का मंग?"

बीजेच्या दिवशी शेवंतीनं रजा टाकली. काठावर मांडव पडला. होडीला बाशिंगासारखी फुलं बांधली, ओंडक्यांना माशाचं तेल चोपडलं. मांडवाच्या कडेला बसलेली एक म्हातारी म्हणाली, "पानी आज घाईत हाय." कुणीतरी तिला म्हणालं, "उधान हाय, येनारच." आणि सगळे परत फुलांकडं वळले.

घाईगडबडीत दारावरची फळी कोरीच राहिली होती. पाहुणे येऊन फळी बघणार, ती कोरी कशी ठेवायची, म्हणून दुपारी दोनच्या सुमाराला शेवंती यंत्रापुढं बसली आणि सवयीनं तिनं 'आज'चं बटण दाबलं.

तीन वाजता भरती.

तिनं परत दाबलं. तीन. मग खाली तीच तारीख निवडून दाबली. चार वाजून दहा. एकच दिवस, एकच खाडी, एकच पान, आणि दोन वेळा. दोन्ही तिच्याच.

ती बाहेर आली. गोमाजी पांढरी बंडी, लाल टोपी घालून ओट्यावर नटून बसला होता.

"बा, पेरा मोज."

"कशाला? तुजा पान हाय ना."

"मोज म्हनतंय ना!"

गोमाजीनं पोरीच्या तोंडाकडं बघितलं आणि हात पुढं घेतला. कित्येक दिवसांनी अंगठा पेरांवर चढला. "बीज. दोन. पाऊनकी दीड. उशीर दीड." तो थांबला. "तीन. तीन गो."

दगडाबाई दारात उभी होती. तिला सगळं कळलं. मासळी विकून आयुष्य काढलेली बाई ती, माल आणि अब्रू दोन्ही झाकून न्यायची तिला सवय. ती हळूच म्हणाली, "त्यांना सांग, वारा फिरला, पानी लवकर आयलं. कोनाला काय कलतंय?"

तसं सांगितलं असतं तर खपलं असतं. वाड्यात वाऱ्यावर काहीही घालता येतं. पण मग उद्यापासून फळीवरची वेळ म्हणजे काय राहिलं असतं? पाणी आलं तर शेवंतीचं, नाही आलं तर वाऱ्याचं. कुवेतमधल्या त्या माणसाला ती कुठला वारा सांगणार होती?

"पानी वेलेवर हाय, आये," ती म्हणाली. "चुकलाय माजा पान."

आणि ती पदर खोचून काठाकडं निघाली.

मांडवात धाकू नारळ मोजत होता. शेवंती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "धाकू, होडी आत्ता लोटायला लागेल. भरती चारला नाय, तीनला हाय. मी दिलेली वेल चुकीची."

धाकूचं तोंड बघण्यासारखं झालं. "आत्ता? बँड साडेतीनला येतंय! पावनं अजून गाडीत हायत!"

"पावन्यांची वाट बगितलीस त ती इथंच बसेल, पुढचे उधानापर्यंत. न वरती उन पडला त फल्या तडकतील."

मालूनं संधी सोडली नाही. "काय गो शेवंते, आता कंचा खरा धरायचा? परवाचा का आताचा? का आनकी घटकाभर थांबू, तिसरा येईल?"

दोघं-तिघं हसले. बाकीचे हसले नाहीत, ते शेवंतीकडं बघत राहिले. मालूनं चेष्टा केली, पण प्रश्न सगळ्यांच्याच मनातला होता. बाईनं एकदा चुकीची वेळ दिली. आता तिच्या शब्दावर पूजा मोडून, पाहुण्यांना टाकून होडीला खांदा लावायचा का?

शेवंती म्हणाली, "पुढचे तारखेचा हिशेब कुठंतरी तुटलाय, तो मी शोधीन. आजचा हिशेब रोज जुळलाय. तू सोता बांबूशी उभा राहून बगितलायस, मालू. बगितलायस का नाय?"

मालू डोकं खाजवू लागला. "बगितलाय," तो म्हणाला.

धाकूनं गोमाजीकडं बघितलं. म्हातारा काठी टेकत मागून आला होता. त्यानं हात वर केला आणि तीन बोटं दाखवली.

"माजी बोटा पन तीन सांगतान. आनी आयका, चूक झाली ती तिनं सोता येऊन सांगली. तुमी पकडली नाय, मी पन नाय. आता आनकी काय पायजे? खांदा लावा!"

धाकूनं हातातला नारळ होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, फोडला. पूजा अशी तेवढ्यातच उरकली. बाप्ये दोन्ही बाजूंना भिडले. माणसं कमी पडत होती, कारण निम्मे हात साडेतीनच्या गाडीनं यायचे होते. तेव्हा दगडाबाईनं टोपलीची चुंबळ फेकली, लुगडं आवळलं आणि बायकांना हाक दिली, "बगता काय गो? मासली वाहून वाहून खांदे काय लोन्याचे झालेत?" बायका मागून भिडल्या. होडी एकदा कुरकुरली, ओंडक्यांवर घसरली, अडली. शेवंती पायानं चिखल रेटत सगळ्यात मागं होती, ठेवणीतली साडी गुडघ्यापर्यंत काळी. पुन्हा हाकारा झाला. होडीचं नाक पाण्याला लागलं, पाण्यानं ते उचललं, आणि पुढं कुणाला जोर करावा लागला नाही. होडी आपसूक तरंगत गेली.

शेवंतीनं वळून बांबू बघितला. पाणी सगळ्यात वरच्या पट्ट्याला लागून थबकलं होतं.

पाहुणे, बँड, दिव्याचे सोयरे सगळे चारला आले. होडी खाडीच्या मध्यात डुलत होती, धाकू तिच्यावर उभा राहून हात करत होता. काठावरचे ओंडके उघडे पडले होते आणि त्यांच्या पुढं ओल्या चिखलाचा चकचकीत पट्टा रुंदावत चालला होता. बँडवाला म्हणाला, "आम्हाला उशीर झाला का?" मालू म्हणाला, "नाय नाय, तुमी बरोबर वेलेवर. कम्पूटरची वेल चारचीच होती. खाडीला घाई झाली." मग तोच पुढं झाला आणि चिखलाकडं बोट दाखवून दिव्याच्या पाहुण्यांना सांगू लागला की चारपर्यंत थांबलो असतो तर काय झालं असतं, आणि आमच्या शेवंतीनं कसं ऐन वेळी ओळखलं. त्याचं सांगणं ऐकून वाटावं, हा पहिल्यापासून तिच्याच बाजूला होता.

शेवंतीला आता ती तुटलेली जागा सापडल्याशिवाय चैन नव्हतं. तिनं पहिलं काम केलं ते न दाखवलेली तिथी दाखवायचं. सगळ्या तिथ्यांची नावं चित्रांत काढली. बीजेची ती तारीख परत निवडली, आणि पानावर तिथी उमटली चौथ. बीजेला चौथ! पहिल्या दिवसापासून तिथी दाखवली असती तर धाकूनंच बोट ठेवलं असतं. कोळ्याला तिथी काय सांगायची म्हणून तिनं ती गाळली, आणि म्हणून एकाही कोळ्याला चूक दिसली नाही.

तिथी दोन घरं पुढं का? ऑफिसात तिनं तारखांचे हिशेब करणारी दुसऱ्यांची पानं उघडून त्यांची पोटं फाडायला सुरुवात केली. एका परदेशी पानाच्या पोटात तिला दिसलं की तो माणूस महिन्याच्या आकड्यातून दर वेळी एक वजा करतो. का करतो? आणि मग डोक्यात उजेड पडला. हे यंत्र महिने शून्यापासून मोजतं. जानेवारी शून्य, फेब्रुवारी एक. तिनं ऑगस्टचे आठ दिले, यंत्रानं सप्टेंबर धरला. सूर्याचा महिना चंद्राच्या महिन्यापेक्षा दीड दिवसानं मोठा, तेवढी तिथी पुढं सरकून चौथीत शिरली आणि तेवढंच पाणी. 'आज'च्या बटणाला यंत्र तारीख स्वतःच्या घड्याळातून घेई, महिना सांगायचं काम शेवंतीकडं नव्हतंच, म्हणून ते रोज खरं बोलत होतं.

"मेले गं!" ती सरोजला म्हणाली. "दिवस एकपासून मोजतो आणि महिना शून्यापासून. कुठल्या शहाण्यानं केलं असेल?"

घरी गोमाजीला सांगितलं तर त्याला त्यात नवल वाटलं नाही. "आपन काय करतो? अमुशेला काय मोजतो? काय नाय. पाडवा एक. त्यानं पयला महिना अमुशेसारका रिकामा धरला. बरोबर हाय त्याचा."

शेवंतीनं एक वजा केला. मग ती गोमाजीच्या समोर बसली आणि पुढच्या वर्षभरातल्या वाटेल त्या तारखा पंचांगातून काढून त्याला विचारू लागली. तो पेरांवर मोजी, ती पानावर बघे. एकही वेळ हुकली नाही. तेव्हापासून पानात काहीही बदललं की आधी बापाची बोटं आणि नंतर सरोजचं टेबल, या दोन परीक्षा झाल्याशिवाय ते वर चढत नसे. गोमाजीचे हात मिशीवरून परत पेरांवर आले.

तिनं पानाला आणखी एक पान जोडलं. आपल्यासारखं घरी बसून पानं करणाऱ्यांसाठी, इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मराठीत. चित्रं थोडी आणि परत परत तीच वापरा. दुसऱ्याच्या यंत्रावर बघितल्याशिवाय आपलं पान खरं मानू नका. हिशेबाच्या मधल्या पायऱ्या डोळ्यांना दिसू द्या, तुम्हाला ठाऊक आहेत म्हणून लपवू नका. आणि महिना शून्यापासून असतो. हे मी एक होडी रुतता रुतता वाचली तेव्हा शिकले. त्याखाली कल्याणच्या एका कॉलेजातल्या मुलानं लिहिलं की माझा वाढदिवसाचा हिशेब महिनाभर चुकत होता, ताई, वाचलो. कुवेतवाल्यानं विचारलं, होडीचं नाव काय ठेवलं? आणि भरतीच्या पानाच्या तळाशी एक नवी ओळ बसली, तीही हातानं काढलेल्या अक्षरांत: मोजणी गोमाजी भोईर, पान शेवंती भोईर.

फळीवर पुन्हा वेळा लागल्या. आता तिथीसुद्धा.

दिवाळी उलटल्यावर एका सकाळी शेवंती यंत्रापुढं बसली होती. दगडाबाई कालवं काढायला निघालेली, हातात कोयती, काखेत टोपली. ती दाराबाहेर पडली, फळीपाशी थांबली. गोमाजीनं अजून काही लिहिलं नव्हतं. काठ वीस पावलांवर होता. पण ती आत वळली.

"गो, इचार तुजे डब्याला, सुकती कवा लागल?"

शेवंतीनं बटण दाबलं. "साडेनवाला, आये."

दगडाबाईनं टोपली खाली ठेवली आणि चुलीकडं गेली. "मंग चा टाकतंय," ती म्हणाली. "वेल हाय."

आणि तिकडूनच तिनं ओट्याकडं हाक मारली, "अवो, आयकलत का? साडेनऊ म्हनतंय. पेरा मोजा, जुलतंय का बगा."